पगाराचा हिशेब : कापलेले पैसे पोचले का?

या महिन्याची पत्रं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसले आणि लक्षात आलं, की गावं वेगळी, कामं वेगळी, पण बहुतेकांना छळणारी गोष्ट एकच आहे. पगारातून पैसे कापले जातात, ते पुढे जातात का?

नव्या वाचकांसाठी सांगते. १९८५ ते २०२१ अशी छत्तीस वर्षं मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पगारपत्रक केलं. कार्बन पेपर घालून पीएफची चलनं लिहिली, एप्रिल उजाडला की प्रत्येक कामगाराचा ३ए फॉर्म (वर्षभराच्या पीएफ वर्गणीचा हिशेब) हाताने भरला, आणि शेवटची काही वर्षं हेच सगळं संगणकावर केलं. त्यामुळे मालकाच्या बाजूने पैसे कसे जातात आणि कुठे अडकतात, हे मी आतून पाहिलं आहे. या अंकात सहा पत्रं घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

मी सातपूरच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर काम करतो. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,००० रुपये. दर महिन्याच्या स्लिपवर पीएफचे १,८०० रुपये कापलेले असतात. परवा मुलाने मोबाईलवर पासबुक उघडून दाखवलं, तर मार्च २०२४ नंतर एक रुपयाही जमा नाही. चौदा महिने झाले. ठेकेदार फोन उचलत नाही. कंपनीचे साहेब म्हणतात, तो ठेकेदार आता आमच्याकडे नाही, आम्ही काय करणार?
*– एक कामगार, सातपूर, नाशिक*

भाऊ, साहेबांचं हे उत्तर चालणार नाही. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत काम करणारा माणूस धरलेला आहे. त्याखालच्या पीएफ योजनेच्या तिसाव्या परिच्छेदात तर स्पष्ट लिहिलं आहे, की ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसांचीही दोन्ही वर्गणी, कामगाराची आणि मालकाची, भरण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कंपनीची. कंपनीने ती ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावी, तशी सोय कायद्यात आहे. ठेकेदाराचा स्वतःचा पीएफ कोड असला तर पीएफ कार्यालय आधी त्याच्या मागे लागेल, पण तेवढ्याने कंपनी मोकळी होत नाही.

आता तुमचं किती गेलं ते मांडू. तुमचे १,८०० गुणिले चौदा, म्हणजे २५,२०० रुपये. मालकाचेही तितकेच. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शन खात्यात जातात आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे एकूण ५०,४०० रुपये आले नाहीत. शिवाय पेन्शनच्या सेवेतले चौदा महिने कोरे राहिले. ही दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. महिन्याची पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, आणि नऊ वर्षांवर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

इथे माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. ते कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे विणकर होते. लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे त्यांची गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही. काही वर्षांनी फंडाचे पैसे काढायला गेले तेव्हा संपाच्या आधीच्या तीन वर्षांची वर्गणी हिशेबात नव्हती. पगारातून कापलेली होती, पण पुढे भरल्याची नोंद नव्हती. कापल्याचा पुरावा द्या, असं खिडकीवर सांगितलं. पगाराच्या चिठ्ठ्या आईने एका पावसाळ्यात छत गळलं तेव्हा लगदा झाला म्हणून फेकून दिल्या होत्या. ते पैसे आम्हाला कधीच मिळाले नाहीत. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आमच्या तीनशे कामगारांची चलनं पगारपत्रकाशी एकेक करून ताडून पाहिली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तो नेम मोडला नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम कागदांचं. चौदा महिन्यांच्या स्लिपा, पगार बँकेत येत असेल तर खात्याचा उतारा, गेट पास, ईएसआयचं कार्ड, हजेरीचा एखादा फोटो, सगळं एका फाईलमध्ये लावा. स्लिपवरचा हातात पडणारा आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा एकच असेल, तर १,८०० कापले गेले हे आपोआप सिद्ध होतं.

मग मुलाला पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनांचा शोध उघडायला सांगा. ठेकेदाराचं नाव किंवा कोड टाकला की त्याने कोणत्या महिन्याचं चलन कधी भरलं ते दिसतं. चलनाच्या क्रमांकावर टिचकी मारली की कोणाकोणाच्या नावाने भरलं ती यादीही उघडते. लॉगिन लागत नाही. ठेकेदाराने कोणाचंच भरलं नाही, की इतरांचं भरून तुम्हाला वगळलं, हे इथे कळेल. तक्रारीत ही गोष्ट लिहिली की कार्यालयाचं काम सोपं होतं.

त्यानंतर कंपनीला लेखी अर्ज द्या आणि आवक-जावकचा शिक्का घेतलेली प्रत आपल्याकडे ठेवा. पंधरा दिवस वाट पाहा. नाही हाललं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, तिथे नोंदणी क्रमांक मिळतो. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, तिथे फाईल घेऊन समक्ष जा. तुमच्याबरोबर त्याच ठेकेदाराकडची आणखी माणसं असतील तर सगळे मिळून जा. एकट्याचा अर्ज लवकर मागे पडतो.

तक्रारीत ‘कलम ७अ खाली चौकशी करून थकबाकी ठरवावी’ असं वाक्य जरूर घाला. या चौकशीत पीएफ आयुक्ताला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. तो मालकाची कागदपत्रं मागवू शकतो, साक्षीदार बोलावू शकतो. उशिराच्या रकमेवर मालकाला वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय दंड भरावा लागतो. जून २०२४ पासून हा दंड थकबाकीच्या दरमहा १ टक्का आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी न भरणं हा फौजदारी विश्वासघातही ठरतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात आहे. कायदा असं मानतो, की कापलेले पैसे मालकाकडे तुमची ठेव म्हणून असतात.

आणखी एक. उद्या कंपनी ‘आम्ही भरतो, पण तुमचा मागचा हिस्सा या महिन्याच्या पगारातून कापू’ असं म्हणाली तर सही करू नका. तुमचा हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापता येतो, आणि तुमचा तो एकदा कापून झालेला आहे.

मी बाणेरला एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत होते. पगार वर्षाला अकरा लाखांच्या वर. दरमहा ५,२०० रुपये टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापला, वर्षाचे ६२,४०० झाले. फॉर्म १६, म्हणजे कर कापल्याचा कंपनीचा दाखला, अजून दिलेला नाही. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याच्या तक्त्यात, फक्त सप्टेंबरपर्यंतचे ३१,२०० दिसतात. कंपनी आता बंद होण्याच्या वाटेवर आहे. सीए म्हणतात, उरलेले तुम्हीच भरून टाका, कटकट नको. भरू का?
*– एक वाचक, पुणे*

नको, भरू नका. सीएंनी तुमचा त्रास वाचवायला सांगितलं असेल, पण एकच कर दोनदा भरायला कायदा तुम्हाला सांगत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ म्हणतं, की मालकाने कर कापला असेल तर तेवढ्या रकमेसाठी खात्याने कर्मचाऱ्याकडे मागणी करायची नाही. नेमक्या अशाच एका पगारदाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं, की कापलेला कर मालकाने सरकारजमा केला नाही तर वसुली मालकाकडून करावी. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही जून २०१५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशी लेखी सूचना दिली आणि मार्च २०१६ मध्ये तिची पुन्हा आठवण करून दिली.

विवरणपत्रात पगार पूर्ण दाखवा आणि टीडीएसही पूर्ण ६२,४०० दाखवा. पगार कमी दाखवून आकडा जुळवायचा मोह टाळा, कारण मग चूक तुमची होईल. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मुदत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती.

पुढे काय होईल तेही सांगून ठेवते, म्हणजे नोटीस आली की छातीत धस्स होणार नाही. बंगळुरूच्या केंद्रातला संगणक २६एएसशी ताडून पाहतो. त्याला ३१,२०० सापडणार नाहीत, आणि तो तेवढी मागणी व्याजासह काढेल. पोर्टलवर त्या मागणीला ‘असहमत’ असं उत्तर द्या आणि सोबत बारा महिन्यांच्या स्लिपा, बँकेचा उतारा, कंपनीला पाठवलेले ईमेल जोडा. पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ही रक्कम वळती करायची सूचना आली तर तिलाही दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. गप्प राहिलात तर तुमची संमती धरली जाते. उलट, तुमचा परतावा निघत असेल तर मात्र तो पैसे जमा झाल्याशिवाय हातात पडणं कठीण आहे, हेही खरं.

कंपनीला आजच ईमेल करा. त्यात लिहा, की पगारातला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो, जानेवारी ते मार्च तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत द्यायचं असतं आणि फॉर्म १६ ची तारीख १५ जून होती. कापून न भरलेल्या करावर दरमहा दीड टक्का व्याज लागतं आणि २०२५ मध्ये हा गुन्हा तीन महिने ते सात वर्षं सक्तमजुरीचा होता. कंपनी बुडाली तरी संचालक कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाहीत. या ईमेलची एक प्रत आयकर खात्याच्या पुण्यातल्या टीडीएस विभागाला अर्जासोबत द्या. माझा अनुभव असा, की संचालकांना व्याजाच्या आकड्यापेक्षा त्या सक्तमजुरीच्या शब्दाने जास्त लवकर जाग येते.

आमचा कुपवाडला मसाल्याचा छोटा कारखाना आहे. दिवाळीपासून माणसं अठराची बावीस झाली, बहुतेक बायकाच. पगार बेसिक-डीए धरून १२,००० रुपये. पीएफ लागू झाला असं कोणीतरी म्हणालं. पण कामाला येणाऱ्या बायकाच म्हणतात, ताई, कापू नका, हातात द्या. मिस्टरांना वाटतं, दोन फर्म करून अकरा-अकरा माणसं दाखवावीत. पीएफ न लावण्याबद्दल बायकांकडून लिहून घेतलं तर चालेल का?
*– एक उद्योजिका, सांगली*

ताई, तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळ जण विचारतच नाहीत, आणि चार वर्षांनी इन्स्पेक्टर दारात आला की रडतात.

लिहून घेतलेलं चालत नाही. वीस माणसं झाली की कायदा लागू, आणि पंधरा हजार किंवा त्याहून कमी पगाराच्या कामगाराला ‘नको’ म्हणायची मुभा नाही. मोजताना हंगामी, रोजंदारीची, ठेकेदाराची माणसंही धरली जातात. एकदा लागू झाला की नंतर माणसं पंधरावर आली तरी तो सुटत नाही. दोन फर्मच्या पाट्या लावून तर कोणी फसत नाही. जागा एक, मालक घरातलेच, वीज मीटर एक, माल एक, मग कायद्याच्या दृष्टीने कारखाना एकच. वर लबाडी केली हे कागदावर येतं ते वेगळंच. मिस्टरांना माझा हा परिच्छेद वाचून दाखवा.

हिशेब असा आहे. बाईच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. तुमच्याकडून तेवढेच १,४४०. त्यातले १,००० पेन्शनला आणि ४४० पीएफला. शिवाय विम्यासाठी अर्धा टक्का, ६० रुपये, आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का, ६० रुपये. म्हणजे एका बाईमागे तुमच्या खिशातून १,५६०. बावीस जणांचे ३४,३२० तुमचे, ३१,६८० त्यांचे, एकूण ६६,००० रुपये दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. (विडी, वीट, काथ्या अशा काही धंद्यांत दर १० टक्के आहे, सोलापूरच्या विडी कामगार बायकांना तो लागतो. मसाला त्यात येत नाही.) तुमचा हिस्सा त्यांच्या ठरलेल्या पगारातून वळता करता येणार नाही. पीएफ लागू झाला म्हणून पगार कमी करायलाही कायद्यात मनाई आहे.

३४,३२० हा आकडा लहान कारखान्याला जड आहे, हे मला कळतं. मालाचे पैसे व्यापारी तीन-तीन महिने देत नाहीत. म्हणून एक युक्ती सांगते, जी आमच्या जुन्या शेठनी पाळली. पगार वाटायच्या दिवशीच पीएफची रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकायची, आणि त्या खात्याचं चेकबुक गल्ल्यात ठेवायचं नाही. १० तारखेला अडचण आली की माणूस ते पैसे ‘आठवड्यासाठी’ वापरतो, आणि चूक तिथूनच सुरू होते.

ही चूक आयकरातही महाग पडायची. बायकांच्या पगारातून कापलेले ३१,६८० तुम्ही १५ ऐवजी १६ तारखेला भरले, तरी १९६१ च्या आयकर कायद्यात ते तुमच्या उत्पन्नात धरले जायचे आणि खर्च म्हणून कधीच मिळत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये यावर शेवटचा शब्द सांगितला. तुमच्या स्वतःच्या हिश्शाला विवरणपत्राच्या तारखेपर्यंत सवलत होती, त्यांच्या हिश्शाला नव्हती. मला हा फरक योग्य वाटतो. पहिला पैसा तुमचा आहे, दुसरा तुमचा नव्हताच.

पगाराचे तुकडे पाडून बेसिक ५,००० आणि बाकी ‘विशेष भत्ता’ असं करायचा सल्ला कोणी देईल. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी पगारातच धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. घरभाडे भत्ता वेगळा, तो धरत नाहीत.

आता बायकांना कसं समजवायचं. त्यांना हातात हवे असतात कारण पैसे जाऊन परत आलेले त्यांनी पाहिलेले नाहीत. एका रविवारी सगळ्यांना चहाला बसवा. सांगा, की तुमच्या १,४४० मध्ये मी १,४४० घालते, आणि २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालं आहे. भिशी कोणाला एवढं देत नाही. पहिलं चलन भरल्यावर प्रत्येकीला तिच्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायला लावा. खातं जोडलेलं असलं की शिल्लक मेसेजने येते, पैसे पडत नाहीत. स्वतःच्या नावाचा तो मेसेज पाहिल्यावर पुढच्या महिन्यात कोणी ‘हातात द्या’ म्हणणार नाही.

नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर होते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ नावांत जातो. आधारवर नवऱ्याचं नाव, बँकेत माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. कोणाच्या नावात एक अक्षर जास्त, कोणाच्या जन्मतारखेला सरसकट १ जून. हे सगळं सुरुवातीलाच आधारप्रमाणे एकसारखं करून घ्या. दोन दिवस मोडतील, पण वीस वर्षांनी त्या बाईला पैसे काढताना हेलपाटे पडणार नाहीत. मागच्या महिन्यांचं काय, असाही प्रश्न येईल. ज्या दिवशी विसावं माणूस लागलं त्या दिवसापासूनचं भरावं लागेल. स्वतःहून भरलंत तर व्याज-दंडाचा आकडा अजून लहान आहे.

माझा पगार २२,००० आहे. दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात. मैत्रीण म्हणते, तिचा कापत नाहीत. का?
*– एक महिला वाचक, कल्याण*

मैत्रीण बरोबर आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० रुपये मासिक पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. पुरुषांना ही मर्यादा ७,५०० आहे. तुमच्या कंपनीने संगणकातला जुना तक्ता बदललेला नाही. वर्षाला अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे २,५०० रुपये चुकीने जात आहेत. लेखी मागा, मालकाने परत करायला हवेत. (हा कर १९७५ चा. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या पगारदारांवर बसवला होता. आमच्या ऑफिसात जुनी माणसं त्याला ‘रोहयोचा कर’च म्हणायची.)

ऑक्टोबर २०२४ मध्ये नोकरी बदलली. आधी पगार ७०,०००, आता ८५,०००. दोन फॉर्म १६ आले. दुसऱ्या कंपनीने एक रुपयाही टीडीएस कापला नाही, म्हणून मी खूश होतो. आता विवरणपत्र भरताना २३ हजार भरा असं येतंय. काही चुकलंय का? आणि जुन्या कंपनीचा साडेतीन वर्षांचा पीएफ काढून हे भरावं, असा विचार आहे.
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

चुकलं आहे, आणि या वेळी मालकाचं नाही. नव्या कंपनीत रुजू होताना आधीच्या पगाराचा तपशील द्यायचा असतो, तो तुम्ही दिला नाहीत. तिने फक्त तुमचे सहा महिन्यांचे ५,१०,००० पाहिले, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, आणि ४,३५,००० वर सवलतीमुळे कर शून्य आला. जुन्या कंपनीने वर्षाच्या अंदाजाने सहा महिन्यांत १३,७८० कापले. खरं उत्पन्न मात्र दोन्ही मिळून ९,३०,०००. वजावट एकदाच मिळते, म्हणून ८,५५,००० वर नव्या पद्धतीने कर ३५,५०० आणि ४ टक्के उपकर, एकूण ३६,९२०. त्यातून १३,७८० गेले की २३,१४० उरतात, त्यावर थोडं व्याज. थकबाकी दहा हजारांच्या वर असल्यामुळे एप्रिलपासून दरमहा १ टक्का चढतंय, तेव्हा विवरणपत्र केव्हाही भरा, कर या आठवड्यात भरा.

पीएफला मात्र हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढलात तर ती रक्कम करपात्र होते आणि ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस जागेवर कापला जातो. वर पेन्शनचेही पैसे काढलेत तर साडेतीन वर्षांची पेन्शनची सेवा पुसली जाते. खातं नव्या कंपनीकडे वर्ग करा. जुनी वर्षं नव्यात मोजली जातात, आणि नव्या नोकरीत दीड वर्ष झालं की पाच पूर्ण होतील.

माझे मिस्टर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचे. फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले. नऊ वर्षं नोकरी झाली होती, बेसिक १५,०००. कंपनीने महिन्याचा पगार दिला आणि म्हणाले, दहा वर्षं झाली नाहीत त्यामुळे पेन्शन नाही. दोन मुलं आहेत, बारा आणि आठ वर्षांची. मला कागदांतलं काही कळत नाही.
*– चिपळूण तालुक्यातून*

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जे सांगते आहे ते कागदावर लिहून घ्या, किंवा हे पानच फाडून जवळ ठेवा.

दहा वर्षांची अट तुम्हाला लागू नाही. ती जिवंतपणी पेन्शन घेणाऱ्या सभासदाला आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते. ती महिन्याला १,००० रुपयांपेक्षा कमी नसते आणि पुनर्विवाह केला नाही तर आयुष्यभर चालते. दोन्ही मुलांना प्रत्येकी तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के, पंचवीस वर्षांची होईपर्यंत. कंपनीतल्या माणसाने तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि हे वाक्य कितीतरी घरांत असंच सांगितलं जातं.

दुसरं, त्यांच्या पीएफ खात्यातली सगळी शिल्लक व्याजासह.

तिसरी गोष्ट कोणीच सांगत नाही, आणि ती सगळ्यात मोठी आहे. पीएफबरोबर विमा असतो. कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत, मालक भरतो, म्हणून घरात त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं. १५,००० च्या पस्तीस पट म्हणजे ५,२५,००० रुपये, आणि शेवटच्या बारा महिन्यांतल्या सरासरी शिल्लकेच्या निम्मे, पण १,७५,००० पेक्षा जास्त नाहीत. दोन्ही मिळून जास्तीत जास्त ७ लाख.

चौथं, ग्रॅच्युइटी. ती पीएफ कार्यालय देत नाही, कंपनी देते. १५,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९, असे साधारण ७७,८८५ रुपये होतात. कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असली की ती द्यावीच लागते, आणि मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अटही नसते.

पहिल्या तिन्हींसाठी एकच अर्ज आहे, मृत्यूनंतरचा एकत्रित दावा. मृत्यूचा दाखला, तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, तुमच्या नावावरच्या बँक खात्याचा रद्द केलेला चेक, एवढं जोडायचं. मुलांचं खातं नसेल तर आधी पोस्टात किंवा बँकेत उघडून घ्या, त्याला आठवडा जातो. अर्जावर कंपनीची सही लागते. ती मिळत नसेल तर बँकेचा मॅनेजर, पोस्टमास्तर किंवा राजपत्रित अधिकारी यांची सही घेऊन अर्ज थेट पीएफ कार्यालयात देता येतो. कंपनी का सही देत नाही, ते सोबत दोन ओळींत लिहा.

तुमच्या पत्राबरोबर मिस्टरांची शेवटची पगार स्लिप आली आहे. तिच्यावर त्यांचा यूएएन, म्हणजे बारा आकडी पीएफ क्रमांक स्पष्ट वाचता येतो. अर्जाचा नमुना मी त्या क्रमांकासह पेन्सिलीने भरून पोस्टाने पाठवला आहे. तुम्ही फक्त पेनाने गिरवा, दुसऱ्या पानावर जिथे मी फुली केली आहे तिथे सही करा, आणि धाकट्याचा जन्मदाखला नगरपालिकेतून नवीन काढा. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर त्याचं नाव घातलेलं नाही.